नजर, नियत आणि निकाह

माणसाची नजर कुठे जाते यावर त्याचा ताबा असतो. ती कुठे थांबते यावर असतो का?

प्रश्न वरवर साधा आहे. आपल्या घरांत 'नजर खाली ठेव' ही शिकवण मुलाला आणि मुलीला, दोघांनाही लहानपणीच मिळते. ती चांगलीच आहे. पण या शिकवणीने एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की मुलाची नजर मुलीकडे वळेल आणि मुलीची मुलाकडे. ज्याची नजर तिसरीकडेच थांबते, त्याला ती काहीच सांगत नाही. ना मनाई, ना धीर. आम्ही काही जण अशा मुलांपैकी. बीड जिल्ह्यातल्या मोहल्ल्यांत वाढलो, आता पंचेचाळिशी ओलांडली आहे. आपल्यात हा विषय एक तर शिवीत येतो, नाही तर विनोदात. तो एकदा तरी विचारात यावा, यासाठी हे लेखन.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस आमच्याकडे टीव्ही ही एका घराची नव्हे, अख्ख्या मोहल्ल्याची चीज होती. संच एका घरात आणि मुले दहा घरांची. वारा सुटला की एकाने पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा आणि दुसऱ्याने दारातून ओरडायचे, "आया, आया... गया!" जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झाले, ऑक्टोबर १९८८ मध्ये 'महाभारत'. दोन्ही मालिका आमच्या मोहल्ल्यातही तितक्याच भक्तिभावाने पाहिल्या गेल्या, हे आजच्या पिढीला सांगावे लागते. १९८९ साली 'फौजी' आली आणि तिच्यासोबत शाहरूख खान नावाचा नवा पोरगा. १९९० मध्ये टिपू सुलतानावरची मालिका आली, तेव्हा म्हातारी माणसेही सतरंजीवर येऊन बसली. पुढे केबल आली आणि १९९५ मध्ये 'मेड इन इंडिया' या गाण्यातला मिलिंद सोमण घराघरांत पोहोचला.

या पडद्याची एक खासियत होती. टक लावून पाहणे ही आपल्याकडे बेअदबी. रस्त्यात, मशिदीच्या पायरीवर, लग्नाच्या मंडपात कुणाकडे एकटक बघितले तर कुणी ना कुणी टोकणारच. पडद्याकडे मात्र कितीही वेळ पाहावे, कुणी हरकत घेत नसे. शिवाय पडद्यावरचा माणूस उलट आपल्याकडे बघत नाही. त्यामुळे आपलीच नजर कुठे थांबते, हे एखाद्या मुलाला निर्धास्तपणे समजून घेता येईल अशी ती एकमेव जागा होती. आम्हाला आमची ओळख पहिल्यांदा कळली ती तिथे. अर्थात 'कळली' हा शब्द आजचा. तेव्हा काही कळले नव्हते, फक्त जाणवले होते.

काय जाणवले होते? त्यात वासना शोधू नये, ते वय तिचे नव्हतेच. खोलीतल्या सगळ्या मुलांना 'फौजी'मधला अभिमन्यू आवडायचा. त्यांनी त्याच्यासारखे केस वळवले, त्याच्यासारखे सलाम ठोकले. त्यांना त्याच्यासारखे व्हायचे होते. आम्हाला त्याच्यासारखे व्हायचे नव्हते, तो जवळ असायला हवा होता. भाग संपून बातम्या लागल्या की इतर मुले गलका करीत पळत, आणि आम्हाला घरातले कुणीतरी गावाला गेल्यासारखे वाटे. कुणी वर्तमानपत्रातला फोटो कापून भूगोलाच्या पुस्तकाच्या कव्हरात ठेवी. कुणाला तेवढेही धाडस होत नसे, तो फक्त पुढच्या आठवड्याची वाट पाही. 'त्याच्यासारखे व्हावे' आणि 'त्याच्याजवळ असावे' यांत जे अंतर आहे, ते आम्ही दहा-बारा वर्षांचे असताना ओळखले. त्याला नाव मात्र नव्हते. सातवी-आठवीत गेल्यावर वर्गातली मुले माधुरी दीक्षितबद्दल बोलू लागली. "तुझी आवडती कोण?" असे कुणी विचारले की आम्हीही "माधुरी" म्हणायला शिकलो. पाढ्यासारखे ते उत्तर पाठ झाले.

यावर वडीलधाऱ्यांचे एक ठरलेले म्हणणे असते, की टीव्हीने मुले बिघडवली. त्या म्हणण्यामागची काळजी खोटी नाही, पडद्याने घरांतले पुष्कळ काही बदलले. पण या एका बाबतीत हिशेब जुळत नाही. त्या खोलीत वीस मुले होती. वीसही जणांनी तीच मालिका, तोच नायक, तीच गाणी पाहिली. पडदाच जर मुलांची घडण बदलत असता, तर विसाच्या वीस आमच्यासारखी झाली असती. तसे झाले नाही. एखादाच निघाला, आणि शेजारच्या मोहल्ल्यातही एखादाच. उलट त्या पडद्यावर दाखवले जाणारे प्रत्येक प्रेम पुरुषाचे आणि स्त्रीचेच होते. एकाही मालिकेने, एकाही गाण्याने आम्हाला वेगळे काही शिकवले नाही. चांदण्यात पाणी भरलेले घमेले ठेवले तर त्यात चंद्र दिसतो. पण म्हणून घमेल्याने चंद्र घडवला, असे कुणी म्हणत नाही.

मग ही गोष्ट आली कुठून? खरे उत्तर एवढेच, की विज्ञानाला अजून तिचे एकच एक कारण सापडलेले नाही. मात्र ती आजार नाही, हे ठरलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये ती आजारांच्या यादीतून काढली. ती 'बरी' करून देण्याचा दावा करणारे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरतील, असे भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले. तरीही ताईत, दम केलेले पाणी, शहरातल्या डॉक्टरचे गुंगीचे औषध आणि 'मर्द बनण्यासाठी' तालमीत पाठवणी, हे सारे उपाय आमच्यातल्या अनेकांच्या वाट्याला आले. करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण डोळे तपकिरी आहेत म्हणून त्यात सुरमा घालून ते काळे होत नाहीत.

दुसरे म्हणणे असे, की हे सारे पश्चिमेकडून आले. त्यासाठी फार लांब जायला नको. आपल्याच मराठवाड्याचे सिराज औरंगाबादी हे अठराव्या शतकातले सूफी शायर. दख्खनच्या उर्दू गझलेत त्यांचे नाव वली यांच्या पाठोपाठ घेतले जाते. त्यांची 'बोस्तान-ए-खयाल' ही मसनवी त्यांच्या स्वतःच्या प्रेमाची आणि विरहाची कहाणी आहे, आणि त्यातला प्रिय व्यक्ती हा एक तरुण आहे. त्या प्रेमाचा अर्थ कसा लावायचा, ते इश्क-ए-मजाजी की इश्क-ए-हकीकीची पायरी, यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. आम्हाला त्यातून एवढेच म्हणायचे आहे, की पुरुषाचे मन पुरुषावर जडते ही गोष्ट या मातीतल्या माणसांना माहीत होती आणि ती त्यांनी लिहून ठेवली. सलीम किदवई आणि रूथ वनिता यांनी २००० साली भारतीय साहित्यातील अशा लेखनाचा मोठा ग्रंथच सिद्ध केला, त्यात पर्शियन आणि उर्दूचा वाटा मोठा आहे. पश्चिमेकडून आले ते कलम ३७७. इंग्रजांनी ते १८६०च्या दंडसंहितेत घातले.

मराठीतही हा विषय अगदीच अनोळखी नाही. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' सुरू केले. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट स्थापन केला आणि या विषयावर सोप्या मराठीत पुस्तके लिहिली. पण मुंबई-पुण्याचे हे वारे गेवराई-माजलगावपर्यंत यायला वेळ लागला. तोवर आमच्या वाट्याला 'बायल्या' आणि 'छक्का' हे दोनच शब्द होते. 'समलिंगी' हा शब्द आम्ही वाचला तो १९९८ च्या शेवटी, 'फायर' चित्रपटावरून दंगा झाला तेव्हाच्या वर्तमानपत्रांत. ज्या बातमीत थिएटरच्या काचा फुटत होत्या, त्याच बातमीत आम्हाला आमचे नाव सापडले. शब्द सापडल्याने माणूस बदलत नाही. जगात आपल्यासारखे आणखी कुणी आहे, एवढे मात्र त्याला कळते.

आता मूळ प्रश्न. आपल्या वाचकांच्या मनात तो असणारच: दीन याबद्दल काय सांगतो? आम्ही आलिम नाही आणि इथे कुठला फतवा मागायचा किंवा द्यायचा नाही. बहुसंख्य उलेमांच्या मते असे कृत्य निषिद्ध आहे, हे आम्ही जाणतो आणि ते लपवून लेख सोपा करायचा नाही. पण हेच उलेमा वृत्ती आणि कृती यांत फरकही करतात. मनात आपोआप उठणाऱ्या ओढीचा जाब कुणाला द्यावा लागत नाही. अमलाचा हिशेब नियतीवर होतो, आणि नियत म्हणजे ठरवून केलेला इरादा. दहा वर्षांच्या मुलाची नजर पडद्यावर कुठे थांबली, यात ना इरादा होता ना अमल. तरीही त्या वयापासून त्याला अपराध्यासारखे जगावे लागते. हा अपराध दीनने त्याच्यावर ठेवलेला नाही. तो मोहल्ल्याने ठेवला आहे.

आणि मोहल्ला स्वतः काय करतो? सूरह हुजुरातमध्ये टेहळणीला आणि पाठीमागच्या निंदेला स्पष्ट मनाई आहे. हजरत उमर (रजि.) यांची एक प्रसिद्ध हकीकत इमाम गझालींनी सांगितली आहे. गस्त घालताना संशय आला म्हणून ते भिंत ओलांडून एका घरात गेले. घरातला माणूस म्हणाला, मी एक आज्ञा मोडली असेन, पण तुम्ही तीन मोडल्या: टेहळणी केलीत, दारातून आला नाहीत, आणि परवानगी व सलामाशिवाय आत शिरलात. हजरत उमर माघारी फिरले. खलिफाला जो हक्क नव्हता तो आपण शेजाऱ्याला कसा देतो?

हा प्रश्न पुस्तकी नाही. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे नागपुरात शिकलेले मराठीचे प्राध्यापक. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते वीसहून अधिक वर्षे मराठी शिकवत होते आणि आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. 'पाया खालची हिरवळ' हा त्यांचा कवितासंग्रह, त्याला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री कॅमेरा घेतलेले लोक त्यांच्या घरात घुसले आणि एका पुरुषासोबत असताना त्यांचे चित्रीकरण केले. विद्यापीठाने त्यांना निलंबित केले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २ जुलै २००९ च्या निकालानंतर प्रौढांमधला संमतीचा संबंध तेव्हा गुन्हाही नव्हता. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले. वय ६४, निवृत्ती काही महिन्यांवर. पुढे त्यांच्यावर 'अलीगढ' हा चित्रपट निघाला, तो २०१६ मध्ये प्रदर्शित झाला.

या घटनेत गुन्हा कोणता, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण हुजुरातची ती मनाई मानणाऱ्याने आधी भिंत ओलांडणाऱ्यांकडे पाहायला हवे. सिरस सर कुणाचे मन वळवायला निघाले नव्हते, कुणाला फसवत नव्हते. ते स्वतःच्या घरात होते. गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ मधून प्रौढांचा संमतीचा संबंध वगळला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्याय संहितेत ते कलमच नाही. समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला मात्र न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ ला नकार दिला. म्हणजे कायद्याने आम्हाला गुन्हेगारांच्या यादीतून काढले आहे, कुटुंबांच्या यादीत अजून घेतलेले नाही.

इथे आम्ही आमच्या जिल्ह्यातल्या सर्वांत नाजूक प्रश्नाशी येतो: निकाह. मुलगा 'तसा' असल्याची कुजबुज सुरू झाली की घरातली मोठी माणसे एकच तोड सांगतात, "शादी कर देव, सब ठीक हो जाता." बीड जिल्ह्यात लग्न ही केवळ दोन मनांची गोष्ट कधीच नसते. इथल्या ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात, मुकादमाची उचल त्या कोयत्यावर मिळते. एकट्या माणसाला हिशेबात जागा नाही. ज्या घरांचा ऊसतोडीशी संबंध नाही त्यांच्याकडेही नियम तोच. त्यात मुलींच्या लग्नाची घाई. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या २० ते २४ वयोगटातील शंभरपैकी चाळिसाहून अधिक स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. म्हणजे ज्या मुलीला या तोडीचे औषध म्हणून आणले जाते, ती अनेकदा स्वतःच पोर असते.

तिचा विचार कोण करतो? निकाहमध्ये मुलीची कबुली लागते. पण जी गोष्ट तिला सांगितलीच नाही, तिला ती कबूल कशी म्हणणार? जनावराच्या सौद्यातही ऐब लपवणे आपल्याकडे हराम मानले जाते. इथे तर आयुष्याचा सौदा आहे. वर्ष-दोन वर्षे गेली की बोट तिच्याकडेच दाखवले जाते: नवऱ्याला धरून ठेवता आले नाही, मूल झाले नाही. ती माहेरी कुणाला काय सांगणार? तिच्याकडेही शब्द नसतो. आमच्यातल्या काहींनी ही लग्ने केली, काहींनी नाही म्हणण्यासाठी गाव सोडले, पुणे-मुंबई-दुबई गाठली. घर सोडलेल्यांचे दुःख मोठे आहे. पण आमच्या मते त्या मुलींचे त्याहून मोठे, कारण त्यांना निवडीची संधीच मिळाली नाही.

म्हणून मौनाचे दोन प्रकार वेगळे ओळखावेत, असे आम्हाला वाटते. स्वतःची खाजगी बाब चारचौघांत न सांगणे हे मौन आहे, खोटेपणा नाही. पर्दापोशी ही आपल्याकडे नेकी आहे. प्रत्येकाने छपरावर चढून आपली ओळख जाहीर केलीच पाहिजे, असे आम्ही मानत नाही. पण ज्या मौनाची किंमत दुसऱ्याच्या आयुष्याने चुकवायची, ते मौन राहत नाही, तो दगा होतो. आणि तो दगा एकटा मुलगा करीत नाही. त्याचे 'नाही' ऐकून न ऐकल्यासारखे करणारे मामू, खाला, बिरादरीचे बुजुर्ग, सगळे त्यात भागीदार असतात. ओढीचा जाब नाही, पण जाणूनबुजून लावलेल्या या निकाहचा जाब आहे. इथे इरादाही आहे आणि अमलही.

बोलून पाहिले तर काय होते, याचे एक उदाहरण आमच्याच जिल्ह्याने दिले आहे. त्याचा विषय थोडा वेगळा आहे. ओढ कुणाची वाटते हा एक प्रश्न, आणि आपण स्वतः स्त्री की पुरुष हा दुसरा. दोन्हींची गल्लत करू नये. माजलगावला पोलीस दलात असलेल्या ललित साळवे यांची नोंद जन्मापासून मुलगी म्हणून होती आणि भरतीही महिला शिपाई म्हणून झाली होती. २०१७ मध्ये त्यांनी लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजेचा अर्ज केला. तो नामंजूर झाला, तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. अखेर गृह खात्याने परवानगी दिली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. पुढे ते पुरुष म्हणून नोकरीत राहिले, २०२० मध्ये त्यांचे लग्न झाले. पुण्या-मुंबईत अशी गोष्ट ऐकली की लोक 'शहरातले नखरे' म्हणतात. ही माजलगाव तालुक्यातली गोष्ट आहे, सरकारी कागदावरची. एका माणसाने आपले सत्य साध्या रजेच्या अर्जात लिहिले, आणि जिल्ह्याने ते ऐकून घेतले. आभाळ कोसळले नाही.

ओळखीचा प्रश्न मराठी मुसलमानांना तरी नवा नसावा. "मुसलमान असून इतके चांगले मराठी कसे?" हे एका बाजूने, आणि "मुसलमान असून उर्दू येत नाही?" हे दुसऱ्या बाजूने, आपण जन्मभर ऐकत आलो. एक ओळख खरी ठरवायची तर दुसरी खोटी ठरवावी लागते, हा आग्रह किती जाचतो ते आपल्याला माहीत आहे. माणूस एकाच वेळी मराठीही असतो आणि मुसलमानही, हे सांगण्यासाठी आपल्या लेखकांनी संमेलने भरवली, हयात खर्ची घातली. आमच्यासारख्यांना आणखी एक ओळख आहे, आणि तिच्यापायी पहिल्या दोन सोडाव्यात असे आम्हाला वाटत नाही. आम्ही रोजा धरतो, आईच्या मय्यतीला खांदा देतो, ईदला शिरखुर्मा घेऊन शेजाऱ्याचे दार वाजवतो.

आम्ही या लेखातून मान्यता मागत नाही. मतभेद राहोत. तीन गोष्टी मात्र कुठल्याही मताच्या माणसाला करता येण्यासारख्या आहेत. मुलाने लग्नाला नाही म्हटले तर त्याला धमकीशिवाय कारण विचारावे, आणि त्याने सांगितले तर ते ऐकावे. कुणाच्या घराच्या भिंतीवरून डोकावू नये, मग ती भिंत विटांची असो वा मोबाइलची. आणि घरात टीव्हीसमोर बसलेल्या लहान मुलाच्या चेहऱ्यावर काही वेगळे दिसले, तर त्याची थट्टा करू नये. त्याला अजून शब्द सापडलेला नसतो. तो सापडेल तेव्हा त्याला सांगावेसे वाटेल असे एक तरी माणूस त्या घरात असावे.